पाठराखण

बाबांचं पुस्तक छापायला जायला दोनच दिवस उरले होते. "मागच्या कव्हरवर चार ओळी तू लिही," बाबा म्हणाले. मी बीई झालेला, सॉफ्टवेअरमधला माणूस. शाळा सुटल्यापासून मराठीत व्हॉट्सॲपपलीकडे काही लिहिलेलं नाही. तरी हो म्हणालो.

घरातली पाच-सहा पुस्तकं उलटी करून पाहिली आणि लिहून टाकलं: 'गिरणी कामगाराच्या जीवनाचा वेध घेणारं, वाचकाला अंतर्मुख करणारं, प्रत्येकाने संग्रही ठेवावं असं हृद्य आत्मकथन.' आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे. पण कोणाचं पुस्तक आहे हे?"

बरोबरच होतं. नाव झाकलं तर तो मजकूर कुठल्याही पुस्तकाला चालला असता.

इंग्रजीत या मजकुराला ब्लर्ब म्हणतात. १९०७ मध्ये जेलेट बर्जेस या अमेरिकन विनोदी लेखकाने हा शब्द काढला, तोही अशा भरमसाट स्तुतीची टिंगल करायला. मराठीत मात्र त्याला 'पाठराखण' असा सुंदर शब्द आहे. मी बाबांची पाठ राखत नव्हतो, नुसती थोपटत होतो.

मग मी हस्तलिखित पुन्हा वाचलं आणि एका पानावर थांबलो. १९९१ साली इंदूरची त्यांची मिल बंद पडली, तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. त्यानंतर आठ महिने बाबा रोज सकाळी सहाला डबा घेऊन निघायचे. मिल बंद झाल्याचं त्यांनी गावाकडून आलेल्या आजोबांना सांगितलंच नव्हतं. हे मला या पुस्तकातूनच कळलं.

मी तेच मागच्या पानासाठी लिहिलं. बाबा वाचून गप्प झाले. "आत आहे ना ते? मागचं पान तर लोक पुस्तक न घेताही वाचतात."

मी कागद परत घेतला. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "डबा मी भरत होते. राहू दे ते."

बाबांनी पेन घेतलं, आजोबांचं वाक्य खोडलं आणि बाकीचं ठेवलं. छापलं गेलं ते असं:

'१९९१ साली मिल बंद पडली. तरी पुढचे आठ महिने एक माणूस रोज सकाळी सहाला डबा घेऊन घराबाहेर पडत होता. घरात फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं.'

स्तुतीचं एकही विशेषण नाही. का आणि कुठे, हे आत.

आम्ही दोनशेच प्रती छापल्या. घरी आलेल्या शेजारच्या काकांनी पुस्तक हातात घेतलं, उलटं केलं, वाचलं आणि चपला काढायच्या आधीच उघडलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. आईने चहा ठेवला.

तुमच्याही घरी आजोबांची, आत्याची अशी एखादी वही असेल. ती छापायची ठरलीच, तर स्तुती राहू द्या. आधी त्यातला डबा शोधा. आणि तो मागच्या पानावर ठेवू का, हे ज्याचा आहे त्याला विचारा.