मोटरीचा फोन लागेना

गुंजवणी नदीच्या काठच्या पाण्याच्या मोटरींना पूर्वी माणूस लागायचा. शेतीची लाईट पाळीने यायची. कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा तास. रात्रपाळीच्या आठवड्यात मार्गासनीच्या शिवारात मध्यरात्री बॅटऱ्या हलताना दिसायच्या. चुलते घोंगडी पांघरून, काठी आपटत नदीवर उतरायचे आणि हिरवं बटण दाबायचे. मोटरीचा आवाज वर वस्तीला ऐकू आला की दुसरा कोणी दारं धरायला उठायचा. फेज गेला की पुन्हा फेरी. अंधारात विंचूकाट्याची भीती होती, माघातली थंडी होती. पण ‘लाईट आली रं!’ अशी एकाने हाळी दिली की ती बांधाबांधावरून पुढे जायची आणि ज्याला झोप लागली असेल त्यालाही कोणीतरी हटकून उठवायचं. त्या कष्टांची मला ओढ नाही. त्या हाळीची आहे.

मग मोबाईल स्टार्टर आला. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी आपल्या आजोबांची अशीच पायपीट पाहिली होती. त्यातून त्यांनी ‘नॅनो गणेश’ घडवलं आणि २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. तशा धर्तीच्या पेट्या पुढे बऱ्याच निघाल्या. अंथरुणातूनच फोन लावायचा. तिकडे लाईट आहे का ते कळायचं, मोटर चालू व्हायची, बंद व्हायची. म्हाताऱ्या माणसांची रात्रीची वाट त्या पेटीने वाचवली. आमच्या डोंगरी भागाला मिळालेल्या उपकारक वस्तूंत मी तिला फार वर ठेवतो.

पेटीत एक कार्ड असायचं, टूजीचं. वेल्ह्याच्या खोऱ्यात रेंज म्हणजे आधीच नवसाची गोष्ट. तोरणा, राजगडाच्या आड टॉवर गेला की फोन मुका. तरी नदीकाठी एखादी काडी दिसायची आणि पेटीला तेवढी पुरायची. २०१६ मध्ये जिओ आलं ते थेट फोरजी घेऊनच. त्याला टूजी नव्हतंच. एअरटेलने २०१९ मध्ये कोलकात्यापासून थ्रीजी बंद करायला घेतलं. टूजी काही कंपन्यांनी अजून चालू ठेवलं आहे, म्हणून जुन्या पेट्या तग धरून आहेत. पण घरातले सगळे फोन नव्या कंपनीकडे वळले, म्हणून शेजाऱ्यांनी पेटीतलंही कार्ड बदलून पाहिलं, तर पेटी गप्प. कार्ड नवं असून भागत नाही, आतला मोडेमच जुन्या लहरींचा.

हाच प्रश्न आता विजेच्या गाड्यांच्या दारात उभा आहे. भोर-वेल्ह्याकडे पुणेकरांची शेतघरं झाली, तिथे भिंतीवर चार्जर दिसू लागले. काहींना घरचं वायफाय लागतं, काहींच्या पोटात सिमकार्ड असतं. परदेशात याची झळ आधीच लागली. अमेरिकेत एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, तेव्हा कित्येक गाड्यांच्या दुरून चालणाऱ्या सोयी गेल्या. ब्रिटनमध्ये २०२४ साली जुन्या निसान लीफ गाड्यांचं अ‍ॅप थांबलं. गाडी धावते, चार्जही होते. फोनवरून वेळ लावणं तेवढं जातं. ते ‘तेवढं’ लहान नाही. आपल्या राज्यात स्मार्ट मीटर असलेल्या घरांना जुलै २०२५ पासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या विजेवर सवलत आहे. म्हणजे लाईटची पाळी पुन्हा आली, फक्त ती आता बिलात आली. मालक पुण्यात, चार्जर वेल्ह्यात आणि मधला धागा तुटलेला, तर ती पाळी साधायची कशी?

जुन्या स्टार्टर पेटीत एक शहाणपण होतं. रेंज गेली तरी हिरवं-लाल बटण जागेवरच असायचं. नदीवर उतरलं की मोटर हाताने चालू. पेटी बनवणाऱ्याने आपल्या कारागिरीपेक्षा शेतकऱ्याच्या उभ्या पिकाचा विचार आधी केला होता. म्हणून चार्जर घेणाऱ्या ओळखीच्यांना मी आवर्जून विचारायला सांगतो: कार्ड काढल्यावर गाडी चार्ज होते का? वेळ चार्जरवरच लावता येते का? मोडेम सुटा निघतो की अख्खा चार्जर बदलावा लागतो? आणि उत्तर तोंडी घेऊ नये. विक्रेत्याला तिथेच कार्ड काढायला लावावं आणि चार्जर चालवून दाखवायला सांगावं.