रात्र ठरलेली, दिवस मोकळा

घरातील ज्येष्ठांना घेऊन मालवणला जायचे ठरले की कुटुंबात बहुधा दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, “सगळ्या खोल्या आजच आरक्षित करून टाका, आयत्या वेळी धावपळ नको.” दुसरा म्हणतो, “गाडी आपलीच आहे. जिथे आवडेल तिथे थांबू, कंटाळा आला की पुढे निघू.” या दुसऱ्या पक्षाला अलीकडे कॅराव्हॅनचेही आकर्षण वाटू लागले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून ‘चाकांवरचे घर’ ही कल्पना आपल्याकडेही चर्चेत आली. या वादात एक व्यक्ती मात्र सहसा गप्प असते. जिच्यासाठी सहल निघते, ती आजी किंवा ते आजोबा. मुले आधीच सारे ठरवतात किंवा काहीच ठरवत नाहीत. दोन्ही प्रकारांत त्यांना विचारण्याचे राहून जाते.

वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर दोन्ही पक्ष अर्धे बरोबर आहेत. सत्तरीपुढच्या शरीराचा उद्याचा दिवस कसा जाईल हे आज सांगता येत नाही. गुडघा सकाळी साथ देईल की नाही, रात्री झोप लागेल की नाही, पोट कुरकुरेल की काय, हे त्या त्या दिवशीच कळते. म्हणून दिवस मोकळा हवा. परंतु रात्रीचे अंथरूण, शौचालय, औषध आणि गरज पडल्यास डॉक्टर या चार गोष्टी दैवावर सोडता येत नाहीत. म्हणून रात्र ठरलेली हवी.

ही रीत मालवण मुलुखाला नवी नाही. मालवण तालुक्यातील आचरे गावात दर काही वर्षांनी ‘गावपळण’ होते. श्रीदेव रामेश्वराचा कौल मिळाला की म्हातारीकोतारी, तान्ही मुले, गुरेढोरे, कोंबड्या अशा लवाजम्यासह अवघे गाव वेशीबाहेर जाऊन तीन दिवस, तीन रात्री राहते. जाणेही कौलावर आणि परतणेही कौलावर. तरीही वेशीबाहेर उघड्यावर पडायचे नसते. राहुट्या उभारून, शिधा बांधून मगच गाव निघते. कौलाचा मान राखावा आणि निवाऱ्याची सोयही करावी, हे शहाणपण आपणही सहलीत वापरू शकतो.

वाटेवर

मुंबईहून राष्ट्रीय महामार्ग ६६ ने मालवण सुमारे पाचशे किलोमीटर पडते. पुणे-कोल्हापूरकडून येणाऱ्यांना घाट उतरावा लागतो, मग तो फोंड्याचा असो, करूळचा असो की आंबोलीचा. तरुणांनी ‘एका दमात’ कापायचे हे अंतर ज्येष्ठांसाठी दोन दिवसांचे समजावे. मुंबईकरांनी चिपळूण किंवा रत्नागिरीस आणि पुणेकरांनी कोल्हापुरास एक मुक्काम करावा, आणि तो आधी ठरवलेला असावा.

चार तासांहून अधिक वेळ पाय लोंबते ठेवून बसल्यास पायांच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. ज्यांचे नुकतेच ऑपरेशन झाले आहे, ज्यांना कर्करोग आहे किंवा पूर्वी अशी गुठळी झाली आहे, त्यांना तो अधिक असतो. दर दीड-दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चालणे आणि बसल्या जागी घोटे वर-खाली करणे, हा त्यावरचा साधा उपाय. लघवीची गोळी चालू असेल तर ती प्रवासापायी परस्पर बंद करू नका. वेळ पुढे-मागे करता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. लघवीला जावे लागू नये म्हणून पाणी पिणे सोडणारे ज्येष्ठ मला नेहमी भेटतात. कोकणातील दमट उकाड्यात हा मोह महागात पडतो. घाटात मळमळ होते म्हणून दुकानातून गोळी घेऊन देतानाही सांभाळा. अशा काही गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, गोंधळल्यासारखे होते, आणि प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते.

इतके बसणे झेपणार नसेल तर कोकण रेल्वेने कुडाळला उतरावे. तिथून मालवण मोटारीने तासाभरावर आहे. साठ वर्षांवरील पुरुषांना आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांना खालच्या बर्थसाठी वेगळा कोटा असतो. आरक्षण करताना तो पर्याय निवडा.

रात्रीचा निवारा

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात घरगुती ‘न्याहारी व निवास’ची सोय भरपूर आहे आणि माणसेही अगत्याची आहेत. पण डिसेंबरचा शेवटचा आठवडा, मे महिना आणि गणेशोत्सव या काळात आयत्या वेळी खोली मिळेल या भरवशावर निघू नये. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेचेही ध्यान ठेवावे. तिची तारीख पंचांगात छापलेली नसते. देवीच्या कौलाने ती ठरते, साधारणपणे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येते, आणि लाखो भाविक लोटतात. रात्री दहा वाजता दारोदार चौकशी करत फिरणे तरुणांना पुढे गमतीचे वाटेल. त्याच वेळी मागच्या आसनावर बसलेल्या आजींची साखर उतरत असते, पाय सुजत असतात, आणि अखेरीस मिळते ती पहिल्या मजल्यावरची, भारतीय पद्धतीच्या शौचालयाची खोली.

सहलीला निघण्यापूर्वी दवाखान्यात येणारी कुटुंबे औषधांची यादी विचारून घेतात. मुक्कामी शौचालय कसे असेल हे क्वचितच कोणी विचारते. वास्तविक वृद्धांची पडझड रात्री शौचालयाच्या वाटेवर होण्याची भीती मोठी. म्हणून खोली ठरवताना भाड्याच्या आधी पुढील गोष्टी फोनवर विचारा. खोली तळमजल्यावर आहे का? जोत्याला पायऱ्या किती, आणि धरायला कठडा आहे का? (कोकणातील घरांची जोती उंच असतात.) कमोड आहे का, आणि तो खाटेपासून किती पावलांवर? गाडी दारापर्यंत येते, की शेवटचा भाग वाळूतून चालावा लागतो? देवबाग ही समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधली चिंचोळी पट्टी आहे, तिथे हा प्रश्न विशेष महत्त्वाचा. वीज गेल्यास इन्व्हर्टर आहे का? श्वासासाठी रात्री यंत्र लागणाऱ्यांनी हे विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. शौचालयाचे छायाचित्र मागवण्यात संकोच नको.

शक्यतो एकाच घरी तीन-चार रात्री राहा. दररोज नवे अंथरूण, नवी भिंत, नवा दिव्याचा खटका यांनी स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती संध्याकाळनंतर बावरते, ‘घरी चला’ म्हणून हट्ट धरते. घरची उशी आणि चादर सोबत न्या, रात्री मंद दिवा चालू ठेवा. याचा लाभ काळजीवाहकालाही होतो. त्याची झोप झाली तरच दुसऱ्या दिवशी त्याच्या आवाजात मायेचा ओलावा उरतो. आगाऊ रक्कम थोडीच द्या आणि तब्येतीच्या कारणाने बेत रद्द झाल्यास काय परत मिळेल, हे आधीच ठरवून घ्या. ‘पैसे भरलेत, आता जायलाच हवे’ या वाक्याने आजारी माणसाला गाडीत बसवले जाऊ नये.

कॅराव्हॅनचे काय?

शौचालय आणि अंथरूण बरोबर असणे ही ज्येष्ठांसाठी मोठी सोय, यात शंका नाही. परंतु मालवणच्या आडवाटा अरुंद आहेत. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, वर माडांच्या झावळ्या आणि विजेच्या तारा. उंच गाडी प्रत्येक वाडीत शिरेलच असे नाही, आणि किनाऱ्यावर नेलेली गाडी वाळूत रुतते. चढायची पायरी उंच असते. आजोबांना ती चढता येते का, हे गाडी ठरवण्यापूर्वी प्रत्यक्ष पाहा. गाडी चालू असताना कोणीही आडवे होऊ नये की शौचालयात जाऊ नये. पट्टा लावून बसलेच पाहिजे. रात्री वातानुकूलनासाठी इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून, खिडक्या लावून झोपणे जिवावर बेतू शकते, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि झोपेतल्या माणसाला तो कळतही नाही. त्यामुळे एखाद्या घरगुती निवासाच्या अंगणात, मालकाची परवानगी आधी घेऊन, वीज-पाण्याच्या सोयीसह मुक्काम करणे उत्तम. म्हणजे चाकांवरच्या घरालाही रात्रीची जागा ठरवावीच लागते.

दिवसाचा कौल

एकदा रात्र निश्चित झाली की दिवसाला मोकळे सोडा. मालवणचा किनारा स्वतःही असाच चालतो. रापण लावणारे मच्छीमार घड्याळ पाहत नाहीत. मासळीचा थवा दिसला की होडी जाळे टाकत अर्धवर्तुळ काढते आणि किनाऱ्यावरची माणसे दोन्ही टोके ओढू लागतात. सकाळी चिवल्याच्या किंवा तारकर्लीच्या किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसलेल्या आजोबांना हे दृश्य दिसले तर त्यांचा दिवस भरून पावतो. त्यासाठी कोणतेही तिकीट आधी काढता येत नाही.

सिंधुदुर्ग किल्ल्याचेही तसेच. १६६४ साली कुरटे बेटावर ज्याचे बांधकाम सुरू झाले, त्या किल्ल्यावर जावे असे कोणाला वाटणार नाही? आत शिवरायांचे मंदिर आहे; दूधबाव, दहीबाव, साखरबाव या खाऱ्या पाण्याने वेढलेल्या गोड्या विहिरी आहेत. परंतु होडी पावसाळ्यात बंद असते आणि एरवीही समुद्राच्या मर्जीने चालते. होडीत उतरताना ती हलते, आत दगडी चढउतार आहे. सकाळी उठल्यावर आजींना विचारा, “आज जमेल का?” त्या ‘हो’ म्हणाल्या तर ऊन चढण्यापूर्वी न्या. ‘नको’ म्हणाल्या तर समजूत घालत बसू नका. कुणी एक जण त्यांच्याजवळ धक्क्यावर थांबावा. तटबंदी तिथूनही डोळे भरून दिसते. अकरा ते चारपर्यंत सावलीत विश्रांती, हा नियम मात्र मोडू नये.

जेवणाच्या बाबतीत खानावळीला किंवा घरमालकिणीला सकाळीच सांगून ठेवावे. मासळी ताजी आणून रांधायची म्हणजे वेळ लागतो. जेवणाआधीचे इन्सुलिन टोचून ताटाची वाट पाहत बसणे धोक्याचे आहे. ताट समोर आल्याशिवाय ते घेऊ नये, आणि खिशात साखर असावी. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, बर्फाला थेट चिकटवूही नका. हृदयविकार व रक्तदाब असणाऱ्यांनी सुकी मासळी, लोणची, खारातली मिरची टाळावी. सोलकढीत मीठ बेताचे घालायला सांगावे. कवळी असणाऱ्यांना बारीक काट्यांच्या मासळीपेक्षा सुरमईचा तुकडा सोयीचा.

मदत कुठे?

मालवणात ग्रामीण रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे, आणि गंभीर रुग्णांना पुढे गोव्यात बांबोळीपर्यंत, म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटर, न्यावे लागू शकते. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, श्वास लागणे यांपैकी काही दिसल्यास ‘सकाळी पाहू’ म्हणू नका. लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. ज्यांना गेल्या महिन्याभरात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांच्या स्पष्ट संमतीशिवाय निघूच नये. औषधे मुक्कामाच्या दिवसांपेक्षा चार दिवसांची अधिक घ्या आणि दोन ठिकाणी वाटून ठेवा. आजारांची नावे, औषधे व मात्रा, ॲलर्जी, रक्तगट आणि मुक्कामाचा पत्ता एका कागदावर लिहून तो आजोबांच्या खिशात आणि गाडीत ठेवा.

शेवटी, खोली ठरवण्याचा फोन करण्यापूर्वी पाच मिनिटे आपल्या आई-वडिलांजवळ बसा आणि त्यांना मालवणात काय पाहायचे आहे ते विचारा. कदाचित त्यांना किल्लाही नको असेल आणि स्कूबाची होडीही. समुद्राची गाज ऐकत, ओसरीवर घरचे घावणे खात दोन सकाळी काढायच्या असतील. मग त्या ओसरीला पायऱ्या किती, हे तेवढे विचारून घ्या आणि निघा.