केसांची गणती

केस हा काही धर्मगुरूने लेखणीस घ्यावा असा विषय नव्हे, असे वाचकांच्या मनात येईल. आमच्याही मनात तेच होते. सेमिनरीत आम्हांस देहाच्या शोभेविषयी सावध राहण्याचे शिक्षण मिळाले. स्त्रियांनी वेणीफणीच्या बाह्य शोभेवर विसंबू नये, हा पेत्राच्या पत्रातील बोध आम्ही पक्का ध्यानात ठेवला. त्या एकांगी ध्यानापायी आमच्या हातून काय घडले, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मराठवाडा आणि विदर्भ जेथे एकमेकांस भेटतात तेथे, हिंगोली–वाशीम रस्त्यावर, कनेरगाव नाका हे गाव आहे. तेथील आमच्या मोजक्या कुटुंबांपैकी एका घरातील भगिनीस स्तनाचा कर्करोग झाला. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली. कमरेपर्यंत पोहोचणारे तिचे सरळ केस पंधरवड्यात उशीवर उतरले. रोगाच्या पेशी झपाट्याने वाढतात म्हणून औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते; केसांच्या मुळांतील पेशीही तशाच, म्हणून त्याही त्यात सापडतात. उपचार संपल्यावर दोनएक महिन्यांनी लव फुटली. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. राखेच्या बुधवारपर्यंत ते चार बोटे झाले होते, पण हे केस निराळेच होते: दाट, रखरखीत आणि नागमोडी.

त्या दिवशी मिस्सानंतर ती आमच्या परिचारिका सिस्टरांना विचारीत होती, या केसांचे काय करावे? आम्ही जवळूनच जात होतो. सहज बोलून गेलो, “बाई, मरणाच्या दारातून परत आलात. आता केसांचे काय घेऊन बसलात?” चारचौघे हसले. तीही हसली. पुढील तीन रविवार ती मिस्साला आली नाही.

सिस्टरांनी आम्हांस सरळ सांगितले, “फादर, तुम्हीच जाऊन या.” आम्ही गेलो. ती अंगणात बसली होती. आम्हांस पाहताच सासूबाई लगबगीने म्हणाल्या, “पदर घे, फादर आले.” तिने पदर घेतला आणि खाली पाहत म्हणाली, “फादर, जे कापून टाकलं ते लुगड्याखाली झाकतं. डोकं झाकत नाही. बाजारात पोरं ‘बोडकी’ म्हणून मागं लागली. माझा नवरा जित्ता हाय. मला शोभा नको. सकाळी उठून बोटानं केस मोजते, तेव्हा कळतं का मी जगून राहिले.”

आमच्याजवळ उत्तर नव्हते.

परतीच्या एस.टी.त तो एकच शब्द मनात घोळत राहिला. बोडकी! ज्या विधवांचे केस बळाने काढले जात, त्यांच्यासाठी मराठी समाजाने घडविलेला हा शब्द. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांच्या मस्तकावर वस्तरा न चालविण्याचा निर्धार केला. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये उघडलेल्या शारदा सदनात अशाच मुलींना आसरा मिळाला. प्रथा गेली, पण शब्द उरला आणि शतकानंतर तो एका रोगमुक्त स्त्रीच्या वाट्यास आला. आमच्या विनोदाने त्या पोरांचीच बाजू घेतली होती.

पुढील आठवड्यात सिस्टरांना घेऊन आम्ही पुन्हा गेलो. आधी आम्ही तिची क्षमा मागितली. मग सिस्टर बोलल्या. नागमोडी केसांत टाळूचे तेल वळणांवरून खाली उतरत नाही, म्हणून टोके कोरडी राहतात. धुण्याआधी टोकांना खोबरेल लावावे. ते केसांच्या आत शिरते आणि धुताना होणारी झीज कमी करते, हे मुंबईतील संशोधकांनी २००३ मध्ये दाखविले आहे. बोअरच्या जड पाण्याने केस राठ होतात, तेव्हा शेवटचा तांब्या साठविलेल्या पावसाच्या पाण्याचा घ्यावा. पंचाने खसाखसा न पुसता जुन्या मऊ लुगड्याने टिपावे. बारीक फणी नको, रुंद दातांची घ्यावी, आणि गुंता टोकाकडून सोडवीत वर जावे. मुळे कोवळी आहेत तोवर घट्ट वेणी घालू नये, सरळ करण्याची औषधे लावू नयेत. कानांवरचे केस उभे राहतात, त्यांना पिन लावावी. मानेवरचे लवकर लांबतात, ते थोडे कातरावे म्हणजे सगळे सारखे वाढतील.

सासूबाई सारे ऐकत होत्या. मग उठून आत गेल्या आणि तेलाची वाटी घेऊन सुनेच्या मागे बसल्या. पदर त्यांनीच मागे सारला.

शमशोनाचे केस शत्रूंनी कापले, त्याचे डोळे काढले, त्याला तुरुंगात दळायला लावले. तेथेच शास्त्र थांबून एक लहानशी गोष्ट नोंदविते, की त्याचे केस पुन्हा वाढू लागले. इतकी वर्षे आम्ही ते वाक्य घाईने ओलांडत आलो. आपल्या डोक्यावरचे सर्व केस मोजलेले आहेत, असे प्रभूने शिष्यांना सांगितले, त्यावरही आम्ही अनेकदा प्रवचन केले. पण जो मोजतो त्याला गळलेलेही ठाऊक असतात आणि नव्याने उगवलेलेही, हे आम्हांस कनेरगाव नाक्याच्या अंगणात उमगले. जे पित्याने मोजावे इतके मोलाचे मानले, त्याला त्याच्या सेवकाने क्षुल्लक म्हणू नये.

ईस्टरच्या रात्री ती मेणबत्ती घेऊन पुढच्या बाकावर होती. पदर खांद्यावर होता. बाहेर पडताना आम्ही म्हणालो, “वर्षा-दोन वर्षांत केस पुन्हा सरळ होतील, असे डॉक्टर म्हणतात.” ती म्हणाली, “नाही झाले तरी चालतंय, फादर. आता हात बसलाय.”