दमसास

इंदूरचं आणि आम्हा गोवेकरांचं नातं तसं सुरांचं. मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांची थोरली लेक लता २८ सप्टेंबर १९२९ रोजी जन्मली ती इंदुरात. उस्ताद अमीर खाँ यांच्या संथ विलंबित ख्यालाला ‘इंदूर घराणं’ हे नाव मिळालं तेही याच शहरामुळे. अशा गावात दमसास हा शब्द कानावर आला, की डोळ्यांपुढे गवईच येणार. मला मात्र तिथे दमसासाचा धडा दिला तो एका पाणबुड्याने!

माझी मावसबहीण लग्न होऊन इंदूरला गेली. तिच्या मुलाला समुद्राचं वेड लागलं. आता बोला, समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर! सुट्टीत घरी आला की तो आपली यंत्रं उघडून बसतो. गेल्या खेपेला मी गेलो तेव्हा पोहे-जिलबी उरकून त्याने टेबलावर स्वच्छ फडकं अंथरलं आणि रिब्रीदर मांडलं. त्याला नवा व्हॉल्व्ह बसवायचा होता.

आपण श्वासात घेतो त्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के. बाहेर टाकतो त्यात अजून १६ टक्के उरतोच. साधा पाणबुड्या हा सगळा ऐवज बुडबुड्यांतून उधळतो. रिब्रीदर तोच श्वास फिरवून परत देतं. मधल्या डब्यातला सोडा लाइम कार्बन डायऑक्साइड शोषतो, आणि खर्च झालेल्या ऑक्सिजनची भर नळकांड्यातून पडते. कल्पना जुनी आहे. हेन्री फ्लूसने बनवलेलं असं यंत्र पाठीवर बांधून अलेक्झांडर लँबर्ट १८८० साली पाण्याने भरलेल्या सेव्हर्न बोगद्यात शिरला आणि काळोखात लोखंडी दार लावून आला.

“मग हा नवा व्हॉल्व्ह कशाला?” मी विचारलं.

“मामा, सोडा लाइम थकला किंवा आतली पडदी उलटी बसली, तर कार्बन डायऑक्साइड साचतो. मग धाप अशी लागते, की तोंडातली नळी क्षणभरही सोडवत नाही. बाजूला दुसरा नळ लोंबत असला तरी काय उपयोग? याच्यात नळी तोंडातच ठेवायची. खटका फिरवला की जुना श्वास बंद, नळकांड्यातली ताजी हवा सुरू.”

त्याने जुनी तोंडनळी दोन्ही होजपासून सोडवली. रबरी कड्या तपासून, ऑक्सिजनला चालणारं खास ग्रीस बोटाच्या टोकाने लावलं. साधं ग्रीस ऑक्सिजनपाशी पेट घेऊ शकतं. नव्या नळीत सिलिकॉनच्या दोन पातळ पडद्या. एक श्वास आत येऊ देते, दुसरी बाहेर जाऊ देते, आणि दोघीही मागे फिरू देत नाहीत. येणारी बाजू तळहाताने बंद करून त्याने ओढून पाहिलं, काही आलं नाही. जाणारी बाजू दाबून फुंकलं, काही गेलं नाही. मग सगळं जोडून हवा भरून ठेवली, नंतर ओढून पोकळी केली. कुठे गळत नव्हतं.

बहीण इतका वेळ दारात उभी होती. “हे बसवलं म्हणजे धोका गेला ना रे?”

त्याने आईला खोटं सांगितलं नाही. “नाही गं. परत यायला एक वाट मिळाली, एवढंच. तीस मीटर खाली दाब चौपट, म्हणून नळकांड्यातली हवाही चौपट वेगाने संपते. खटका फिरवला की बुडी तिथेच संपवायची आणि वर निघायचं.” पहिली बुडी उथळ पाण्यात, जोडीदारासोबत मारीन आणि खटका तिथेच फिरवून पाहीन, असंही त्याने कबूल केलं.

ती काही न बोलता आत गेली. चिंता गेली नव्हती, पण निदान फसवणूक तरी नव्हती.

आमच्याकडे खडकाला चिकटलेली शिणाणी काढायला बुडी मारणारे आहेत. त्यांच्याकडे ना नळी, ना डबा. पण छातीतली हवा कितपत उरली, आणि हाताशी आलेलं शिणाणं सोडून कधी वर यायचं, हे त्यांना बरोबर कळतं. गवयालाही तान कुठे सोडायची हे कळावंच लागतं. श्वास लांबवणं ही विद्या खरीच, पण वेळेवर परत फिरणं ही त्याहून मोठी. व्हॉल्व्ह वाट दाखवील. फिरायचं की नाही, ते माणसानेच ठरवायचं.