अण्णांची कुंची

कापड घेताना मी ते दुकानातल्या दिव्यासमोर धरते. पूर्वी पिवळा बल्ब असायचा. त्याची तार कापडातून दिसली की ते कापड माझ्या कामाचं नाही, हे ठरलेलं. आता बल्बमध्ये तारच नसते, म्हणून मोबाइलची टॉर्च लावते. दुकानातला पोरगा हसतो. त्याला सांगत बसत नाही की ही परीक्षा आमच्या इंदुरी गावच्या एका शिंप्याची, अण्णांची आहे आणि तिच्या आधारावर मी साठी गाठली.

अण्णांचं दुकान गढीकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. दुकान म्हणजे ओसरीच. कडजाईच्या देवळाला निघालेल्या बाया तिथे ब्लाउजचं माप टाकून पुढे जायच्या आणि येताना गप्पा मारत टेकायच्या. मशीनवर एक बल्ब लोंबत असे. मी पहिल्यांदा गेले ती आईच्या मागे लपून, नाकावर पट्टी लावून. साल १९८८. मी चोवीस वर्षांची होते.

त्याआधी दहा वर्षं माझ्या नाकागालांवर काळे-तपकिरी ठिपके उठत होते. एका डॉक्टरांनी ते वांग आहे म्हणून मलम दिलं, वर सकाळचं कोवळं ऊन घ्यायला सांगितलं. मी ते इमानदारीने घेतलं. मग नाकपुडीच्या कडेला मोत्यासारखी चकाकणारी बारीक गाठ आली. पुण्याला तुकडा काढून तपासला, तर बेसल सेल कार्सिनोमा. त्वचेचा कर्करोग. तिथल्या डॉक्टरबाईंनी माझे हात उन्हात, सावलीत, दंड वर करून आतून असे बराच वेळ पाहिले. झाकलेली कातडी नितळ, उघडी कातडी ठिपक्यांची. बाईंनी एक लांबलचक नाव कागदावर लिहिलं, झेरोडर्मा पिगमेंटोझम, आणि म्हणाल्या, "आजपासून ऊन टाळायचं. थोडंसुद्धा नाही."

भाताच्या गावात राहणाऱ्या पोरीला हे सांगणं म्हणजे नदीकाठच्याला पाणी बघू नकोस म्हणण्यासारखं. लावणीला आमच्याकडे बाया पाठीवर इरलं घेतात. बांबूच्या कामट्या, पानांचं आच्छादन, डोक्यापासून कमरेपर्यंत. मी ते कोरड्या ऑक्टोबरात घेऊन निघाले तेव्हा वाटेवरची पोरं आकाशाकडे बघून "पाऊस आला, पाऊस आला" ओरडली. सनस्क्रीन हा शब्द आमच्या घरात तोवर कुणी ऐकला नव्हता.

अण्णांनी आजाराचं नाव विचारलं नाही. आई रडत होती, तिला त्यांनी पाणी दिलं. मला विचारलं, "पोरी, घराबाहेर किती वाजता पडतीस? हातात काय असतं? यष्टीत दांडा धरतीस का बसतीस?" मग टेप काढून त्यांनी असली मापं घेतली जी कुठल्याच शिंप्याने घेतली नसतील. मान वळवल्यावर कानामागे किती जागा उघडी पडते. हात वर केला की बाही किती सरकते.

आठ दिवसांनी त्यांनी माझ्यापुढे ठेवली ती कुंची. तान्ह्या बाळाला घालतात तीच, मोठ्या बाईच्या मापाची. गडद निळं दाट कापड, आतून अस्तर, खांद्यावर पडणारी झूल, कपाळावर पुढे आलेली कडक पट्टी आणि हनुवटीखाली नाडी. सोबत दोन बाह्या, मनगटापुढे बोटांच्या पेरांपर्यंत, अंगठा अडकवायला फासा असलेल्या. कपड्यांचे पैसे त्यांनी पुरे घेतले. आई घासाघीस करायला लागली तर म्हणाले, "वहिनी, फुकटचं अंगाला बसत न्हाई." पुढे चोवीस वर्षांत त्यांनी मला अशा किती कुंच्या शिवून दिल्या ते मोजलं नाही. प्रत्येकीचे पैसे घेतले. म्हणून हे ऋण पैशाचं नाही, हे मला आधी सांगून टाकलेलं बरं.

पहिल्या जुलैतच एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. मी भिजून आले होते. त्यांनी ओली कुंची बल्बसमोर धरली, मग सुकी धरली आणि चेहरा वाकडा केला. ओलं सुती कापड उजेड जास्त आत सोडतं. आज हे त्वचारोगाच्या पुस्तकात वाचायला मिळतं. अण्णांनी ते ओसरीवर बसून शोधलं. तेव्हापासून पिशवीत दुसरी, सुकी कुंची. ढग आहेत म्हणून ती काढायची सोय नव्हती, कारण पातळ ढगांतून अतिनील किरणं बरीचशी खाली येतात. उलट आमच्या या अक्षांशावर जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य पुन्हा थेट डोक्यावर येतो, मेच्या मध्यावर येतो तसाच. सावली पायाखाली जाते. ती दिसत नाही, कारण आभाळ असतं. आणि त्याच दिवसांत लावणी चालू असते.

बी.एस्सी. झाले होते, शेत बंद झालं, म्हणून दिवेलागणीनंतर मुलांच्या शिकवण्या घ्यायला लागले. दुपारभर घरात पडदे ओढून वाचायची. खिडकीच्या काचेवर विसंबायची सोय नव्हती. शेजारच्या तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना, काचेचं आम्हाला केवढं कौतुक! पण साधी काच अतिनीलमधला ब पट्टा अडवते आणि अ पट्टा बराचसा आत सोडते.

वाचता वाचता मला माझा आजार अण्णांच्या धंद्यात सापडला. ऊन लागतं तेव्हा पेशीतल्या डीएनएच्या धाग्यावर शेजारी शेजारी असलेली दोन अक्षरं, बहुतेक वेळा दोन 'टी', एकमेकांना चिकटतात. धाग्याला गाठ पडते. कडक उन्हात तासाभरात एकेका पेशीत अशा हजारो गाठी. निरोगी माणसाच्या पेशी त्या रात्रंदिवस काढत असतात. गाठीच्या दोन्ही बाजूंनी मिळून तिसेक अक्षरांचा तुकडा कापून टाकायचा आणि समोरच्या धाग्याकडे बघून रिकामी जागा विणून काढायची. हे मी अण्णांना सांगितलं तर त्यांनी मान हलवली. "हे रफू झालं. ठिगळ न्हवं. रफूला बाजूचा धागा शाबूत लागतो."

या रफूचा नकाशा काढल्याबद्दल अझीझ सँकार यांना २०१५ साली रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. त्याआधी १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत जेम्स क्लीव्हर यांनी दाखवलं होतं की या आजाराच्या रुग्णांच्या कातडीच्या पेशी, काचेच्या भांड्यात वाढवून त्यांच्यावर अतिनील प्रकाश टाकला तर, हे रफू करत नाहीत. भांड्यात पेशी वाढवण्याची ती विद्या आपल्याकडे मुंबईत रुजवली ती पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी. मला त्यांचं नाव वाचून उगाच आपलं माणूस भेटल्यासारखं झालं.

त्यांचे गुरू डॉ. वसंत खानोलकर. त्यांची एक गोष्ट मी अण्णांना सांगितली आणि पस्तावले. गोऱ्या लोकांना त्वचेचा कर्करोग उन्हाने होतो. आपल्या कातडीतलं मेलॅनिन आपल्याला पुष्कळ वाचवतं, म्हणून आपल्याकडे तो मुळात कमी आणि बरेचदा वेगळ्याच वाटेने येतो. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ साली धोतराच्या कर्करोगाची नोंद केली. वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी धोतर करकचून आवळल्याने तिथली कातडी घासून घासून बिघडते. अण्णांनी मशीन थांबवलं. त्यानंतर गावातल्या प्रत्येक परकराची नेफ्याची पट्टी रुंद झाली आणि "नाडी सैल बांधा" हे फुकटचं व्याख्यान सुरू झालं. बाया माझ्याकडे तक्रार घेऊन यायच्या.

एक कोडं मात्र डॉक्टरबाईंनाही सुटलं नव्हतं. या आजाराच्या मुलांना पुष्कळदा थोड्याशा उन्हाने फोड येतात, आठ-दहा वर्षांतच कर्करोगाच्या गाठी सुरू होतात. माझं सगळं उशिरा आलं. उत्तर १९९९ साली जपानमधल्या आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी शोधलं. माझी जनुकचाचणी व्हायला २०१४ उजाडलं. माझं रफू ठीक आहे! पण पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल करावी लागते आणि न काढलेली गाठ वाटेत आली की नेहमीचा नक्कल करणारा तिथे अडतो. मग 'पॉलिमरेज ईटा' नावाचा खास कारागीर पुढे येतो, चिकटलेल्या दोन 'टी'समोर बरोबर दोन 'ए' घालतो आणि बाजूला होतो. माझ्याकडे तो कारागीर नाही. त्याच्या जागी जे बसतात ते चुकीचं अक्षर घालून मोकळे होतात. अशी चूक पी-५३सारख्या जनुकात पडली, तर बिघडलेल्या पेशीला थांबवणारा रखवालदारच जातो. अण्णा तेव्हा नव्हते, नाहीतर त्यांनी यालाही काही नाव दिलं असतं.

गंमत अशी की बांधावरच्या भाताकडे आणखी सोपी सोय आहे. त्याच्याकडे फोटोलायेज नावाचं एक विकर असतं, ते उजेडाच्याच जोरावर गाठ सोडवतं. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला आमचा इंद्रायणी वाण दिवसभर उन्हात उभा असतो तो याच्या भरवशावर. कांगारूकडेही ते आहे. माणसाच्या पूर्वजांनी ते कुठेतरी वाटेत गमावलं.

आता घरातली गोष्ट. माझी आई तिच्या आत्याच्या घरी सून म्हणून आली, म्हणजे वडिलांनी मामाची मुलगी केली. आपल्याकडची ही आवडती रीत. इरावती कर्वे यांनी नातेसंबंधांवरच्या १९५३च्या ग्रंथात ती नोंदवली आहे. आजी या लग्नाला ऋणानुबंध म्हणायची. त्या ऋणानुबंधातून एकाच पणजोबा-पणजीकडून आलेली एक बिघडलेली प्रत आईकडे होती आणि एक वडिलांकडे. दोघंही ठणठणीत. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला चारातली एक शक्यता. दोघे भाऊ आजही उघड्या अंगाने शेतात राबतात. चाचणीचा कागद आईला वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "आत्याचं घर म्हणून मी किती खूश होते." मी विषय बदलला. त्या घरात तिला सासुरवास झाला नाही, हेही खरं आहे.

आजवर माझ्या चेहऱ्यावरून आणि हातांवरून अकरा गाठी काढल्या. त्यातल्या नऊ पहिल्या कुंचीच्या आधीच्या उन्हाची वसुली असाव्यात, असं डॉक्टरबाई म्हणायच्या. चूक एकदा पेशीत बसली की ती दहा-वीस वर्षांनीही वर येते. ड जीवनसत्त्व गोळीतून घेते. दर तीन महिन्यांनी तपासणी.

अण्णा २०१२च्या पावसाळ्यात गेले. त्यांच्या हातची शेवटची कुंची मी घालत नाही, पण टॉर्चसमोर अधूनमधून धरते. अजून तार दिसायची नाही.

ते गेले त्याच्या आदल्या वर्षी माझ्या नाकाचं मोठं काम झालं होतं. कपाळाची कातडी वळवून नाकावर लावलेली. टाके निघाल्यावर आठवड्याने, संध्याकाळी, मी त्यांच्या ओसरीवर गेले. घरात सगळे माझ्याकडे न बघता बोलत होते. अण्णांनी चष्मा लावला, माझी हनुवटी धरून तोंड बल्बखाली वळवलं आणि भुवईपासून नाकपुडीपर्यंत शिवण सावकाश तपासली.

"हात चांगलाय त्याचा," ते म्हणाले. "वळण बी झ्याक साधलंय. पण दोरा जाड घेतला. पुढच्या खेपंला माझ्याकडनं घेऊन जा म्हणावं."