किती दिवस, ते कुणी सांगितलंच नाही

त्या चिठ्ठीचा मला अजून राग येतो. गणपतीच्या आधी आईला सर्दी झाली, डॉक्टरांनी नाकात घालायचे थेंब लिहून दिले. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन थेंब, एवढंच. किती दिवस, ते चिठ्ठीवर नव्हतं आणि तोंडीही कुणी सांगितलं नाही. सर्दी गेली, नाक मात्र चोंदलेलंच. संक्रांत आली तरी थेंब चालूच.

कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये रिकामी बाटली दाखवली की नवी मिळायची. ‘काकू, अजून चालूच?’ असं एकदाही कुणी विचारलं नाही. सुरुवातीला थेंब रात्रभर पुरायचे. पुढे पुढे मध्यरात्रीच नाक बंद व्हायचं आणि आई उशाखाली बाटली चाचपडायची. घरात वाफ झाली, ओव्याची पुरचुंडी झाली. दुसऱ्या डॉक्टरांनी ॲलर्जीची गोळी दिली. तिला बीपी आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि बीपी असलेल्यांनी हे थेंब विचारूनच घ्यायचे असतात. तरी नाकात काय घालता, हे त्यांनीही विचारलं नाही.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला. झायलोमेटाझोलीन काय, ऑक्सिमेटाझोलीन काय, ही औषधं नाकाच्या आतल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून नाक मिनिटांत मोकळं होतं. पण रोज घालत राहिलं की औषधाचा जोर ओसरताच त्या पुन्हा फुगतात. म्हणजे आईचं नाक आता थेंबांमुळेच चोंदत होतं! मुदत तीन दिवस, फार तर पाच. खोक्यातल्या कागदावर काही लिहिलं असेलही, पण तो बारीक इंग्रजीत. आई मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली.

त्यांनी आधी एकाच नाकपुडीचे थेंब बंद करायला लावले, जोडीला स्टिरॉइडचा स्प्रे आणि मिठाच्या पाण्याचे थेंब दिले. त्या रात्री आई खुर्चीत बसून तोंडाने श्वास घेत होती. चिठ्ठीवर ‘तीन दिवस’ हे दोन शब्द असते तर यातलं काहीच झालं नसतं.

लहान मुलं असलेल्या घरांना तर हात जोडून सांगते: मोठ्यांची ०.१ टक्क्याची बाटली तान्ह्या बाळाच्या नाकात कधीही घालू नका. बाळाला गुंगी येते, श्वास मंदावू शकतो. नुसत्या मिठाच्या पाण्याचे थेंब वेगळे, त्यांची अशी सवय लागत नाही.

आईला दिले होते तसले थेंब चिठ्ठीशिवाय विकूच नयेत, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत सुटले होते. यंदाच्या पावसाळ्यात माझंच नाक ठार बंद झालं. मेडिकलवाल्याने शटर ओढता ओढता थांबून बाटली दिली. थेंब घातले आणि शांत झोप लागली. सर्दी उतरताच बंद केले. औषध वाईट नाही, हे आता पटतं. मेडिकलवाल्यावरचा रागही बराचसा गेलाय. चिठ्ठीवरचा गेलेला नाही.

बाटलीवर मोठ्या मराठी अक्षरांत मुदत छापायला हवी, असं मी म्हणते. आईला ते पटत नाही. नाक चोंदल्यावर रात्री चष्मा लावून कोण वाचत बसतं, डॉक्टरांनीच सांगायला हवं, असं तिचं म्हणणं.