डबल क्लिक आणि मामींचं वाई

देवास-धारच्या मराठी कुटुंबांची सूची आपण ऑनलाइन केली, त्यातली ही एक आठवण. मी बी.कॉम., आयुष्य बँकेत गेलं. कॉम्प्युटरचं ज्ञान कामापुरतंच.

फॉर्म इंदूरच्या भाच्याने बनवला. ‘मूळ गाव’साठी त्यात लिस्ट बॉक्स होता, एकावेळी सात-आठ गावं दिसणारा. गावावर डबल क्लिक केलं की नोंद पक्की. आपले पूर्वज 18व्या शतकात पवार-होळकरांबरोबर माळव्यात आले. तिकडची जमीन गेली, वाडे गेले. कित्येकांकडे गावाचं नावच तेवढं उरलंय. तेच चुकलं तर सूची कशाला?

धारच्या मामी ब्याऐंशीच्या, हात थरथरतो. त्यांचं गाव वाई. यादीत त्याखाली वाफगाव. हात जरा घसरला आणि नोंद झाली वाफगावची! मामींचा फोन, “अरे, आम्ही वाईचे. होळकरांच्या गावी कशाला धाडतोस?” सावकाश दाबलं तर काहीच होईना.

भाच्याने उलगडा केला. विंडोजच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये दोन क्लिक अर्ध्या सेकंदाच्या आत पडले तरच ते डबल क्लिक. शिवाय प्रत्येक ब्राउझरची तऱ्हा वेगळी. यादीतल्या एकेका ओळीला इव्हेंट जोडला तर फायरफॉक्समध्ये चाले, जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये नाही. तिथे तो अख्ख्या यादीलाच जोडावा लागे. मोबाइलवर तर यादी वेगळीच उघडते, तिथे डबल क्लिकवर विसंबताच येत नाही.

मी म्हटलं, “बाबा रे, बँकेत व्हाउचर एक जण करतो, दुसरा पास करतो. निवडणं वेगळं, पास करणं वेगळं. तू दोन्ही कामं एका बोटाच्या चपळाईवर सोडलीस.”

त्याला पटलं. इव्हेंट अख्ख्या यादीला जोडला. निवडलेलं गाव वर मोठ्या अक्षरांत दिसू लागलं आणि खाली ‘नोंदवा’ हे बटण आलं. डबल क्लिकही राहिलं, पण त्यानंतर फॉर्म विचारतो, “हेच गाव ना?”

मामींनी एकेक क्लिक करत, चष्मा पुसून, दोनदा वाचून वाई नोंदवलं. सुनेला हात लावू दिला नाही.

ज्यांच्या घरची नोंद राहिली असेल त्यांनी माउस घरातल्या थोरांच्याच हाती द्यावा. वेळ लागला तरी चालेल.